आठचा आकडा काढला, मिळालं लायसन!

आज सकाळी सोलापूरचा जुना पुणे नाका. मोठा ट्रेलर डावीकडे वळायला आधी उजवीकडे सरकला, डावीकडे जागा दिसली आणि कॉलेजची एक पोरगी स्कूटी घेऊन तिथं घुसली. क्लीनरनं दारावर थापा मारल्या म्हणून वाचली. वर लोक तिलाच शिव्या घालत होते!

अहो, तिला शिकवलं कुणी? वळताना ट्रेलरची मागची चाकं पुढच्यांच्या वाटेनं येत नाहीत, आतून कोपरा कापतात. टेस्टला काय विचारतात, तर स्कूटीवर आठचा आकडा आणि कारला रिव्हर्स. जोरात ब्रेक मारायचा सराव कुणी करून घेतो का? ताशी 60 ला गाडी सेकंदाला साधारण 17 मीटर जाते. म्हणजे पाय ब्रेकवर पोचायला एक सेकंद लागला, तरी तेवढ्यातच 17 मीटर गेले. कोरड्या डांबरावर थांबायला पुढे आणखी वीसेक लागतात, ओल्यावर त्याहून बरेच जास्त. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) असेल तर पेडल थरथरतं. पोरं घाबरून पाय उचलतात, आणि गाडी थांबायच्या ऐवजी पुढे जाते. दाबून धरायचं असतं! स्कूटीला दोन्ही ब्रेक एकदम, दाब वाढवत नेत, हँडल सरळ. पुढचा ब्रेक लावला की पडतो म्हणे. पकड तिथंच जास्त असते, कारण ब्रेक लागला की भार पुढे येतो.

आपलं सोलापूर विद्यापीठ केगावला, पुणे हायवेला लागून. तिथं गाडी शिकवायचा ट्रॅक का नको? 2021 च्या केंद्राच्या नियमांत मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्राला सपाट भागात 2 एकर जागा लागते. कारचा कोर्स 29 तासांचा, त्यात 8 तास थिअरी. पास झालं की आरटीओची टेस्ट माफ.

घसरणारी गाडी सावरायला शिकवायचं तर गुळगुळीत पट्टा ओला ठेवावा लागतो. नळाला रोज पाणी नाही आणि हे डांबरावर ओतायला निघाले, असं म्हणाल. बरं, बोचतं ते. पण तेच पाणी टाकीत गोळा करून पुन्हा फिरवता येतं. आणि ट्रॅकनं खड्डे बुजत नाहीत, तेही मान्य.

त्या पोरीवर राग नाही हो. हात थरथरत होते तिचे.

सिम्युलेटर, म्हणजे पडद्यासमोर बसून चालवायची नकली गाडी, नंतर आणा. आधी एक जुना ट्रक उभा करा, डाव्या दाराला खेटून स्कूटी लावा आणि पोरांना एकेक करून ड्रायव्हरच्या सीटवर बसवा. आरशात बघून सांगू देत, स्कूटी कुठंय.