‘मातीचं वय हत्याराला चिकटवतात’ या दाव्याला उत्तर

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: उत्खननात सापडलेल्या दगडी हत्यारांचं वय ल्युमिनेसन्स पद्धतीने (मातीच्या कणांतून निघणाऱ्या मंद प्रकाशावरून) काढतात, ते मुळात आजूबाजूच्या मातीचं असतं. माती तर कोट्यवधी वर्षांची. प्रयोगशाळेत हवा तो आकडा काढता येतो. ऑस्ट्रेलियातल्या एकाच जागेला आधी १ लाख १६ हजार वर्षं दिली, मग १० हजार. म्हणून कार्बन-१४ (सजीवांच्या अवशेषांतल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढण्याची पद्धत) सोडून कशावरही विश्वास ठेवू नका. वाचताना हे पटकन पटतं, म्हणूनच सविस्तर लिहितोय.

‘माती कोट्यवधी वर्षांची.’ खडकातून सुटलेला वाळूचा कण खरोखरच तेवढा जुना असू शकतो. पण ही पद्धत कणाचा जन्म मोजतच नाही. त्या कणाला शेवटचं ऊन कधी लागलं, एवढंच ती मोजते. मातीत युरेनियम, थोरियम, पोटॅशियम थोड्या प्रमाणात असतंच. त्यांच्या किरणोत्सारामुळे वाळूतल्या क्वार्ट्झ या खनिजाच्या स्फटिकातले इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि स्फटिकरचनेतल्या दोषांमध्ये अडकून बसतात. कण जितका काळ अंधारात गाडलेला, तितका हा साठा मोठा. लख्ख ऊन लागलं की काही सेकंदांत, फार तर मिनिटांत, तो जवळजवळ रिकामा होतो. पुन्हा माती पडली की मोजणी नव्याने सुरू. प्रयोगशाळेत अशा कणावर निळा प्रकाश टाकला की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि कण स्वतःचा अगदी मंद प्रकाश देतो. त्यावरून साठा कळतो. गाळाचं वय असं प्रकाशाने काढता येतं हे डेव्हिड हंटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं.

म्हणूनच नमुना घेताना एवढा जपावा लागतो. खड्ड्याची भिंत तासून तिच्यात धातूची नळी ठोकतात आणि बाहेर काढताच दोन्ही तोंडं बंद करतात. नळी उघडायची ती मंद तांबड्या उजेडाच्या खोलीत. टोकांच्या मातीला उजेड लागलेला असतो, त्यामुळे ती वयासाठी बाद.

यातून कळतं ते थर कधी झाकला गेला हे. हत्यार त्याच थरातलं की वरून खाली सरकलेलं, ही शंका मात्र रास्त आहे. वाळवी, मुळं, बिळं यांमुळे दगड खाली जातात. त्याचं उत्तर यंत्राकडे नाही. ते थरांचा छेद वाचून आणि फुटलेले तुकडे एकमेकांना जुळतात का हे पाहून शोधावं लागतं.

‘हवा तो आकडा काढता येतो.’ हिशेब साधा भागाकाराचा आहे. कणाने किरणोत्साराची एकूण ६० ग्रे (हे त्या मात्रेचं एकक) मात्रा साठवली असेल आणि त्या मातीत दर हजार वर्षांना ३ ग्रे मिळत असेल, तर २० हजार वर्षं. दोन्ही आकडे मोजावे लागतात. गॅमा किरण मातीत साधारण ३० सेंटिमीटरवरूनही पोचतात, म्हणून शेजारी मोठा दगड असेल तर तोही हिशेबात धरतात. मातीत पाणी किती होतं, हा खरा नाजूक भाग. पाणी किरणोत्सार शोषतं, त्यामुळे ओलावा कमी धरला तर वय कमी येतं. पद्धतीला धारेवर धरायचं असेल तर इथे धरा. बाकी, कणांना आपणच ठरावीक मात्रा द्यायची आणि मोजणीतून तेवढीच परत मिळते का हे बघायचं, ही चाचणी नेहमीची आहे. मनाचे आकडे तिथे टिकत नाहीत.

‘१ लाख १६ हजारांचे १० हजार झाले.’ ही जागा म्हणजे उत्तर ऑस्ट्रेलियातला जिनमियमचा शैलाश्रय (खडकाखालचा नैसर्गिक आडोसा), आणि घटना खरी आहे. १९९६ मध्ये तिथे उष्णतेने कण उजळवून वय काढलं होतं. त्यात असंख्य कण एकत्र मोजले जातात. पण शैलाश्रयाचा वालुकाश्म जागीच कुजून भुगा होत होता. त्यातले काही कण ऊन न पाहताच थरात मिसळले होते, आणि अशा थोड्या कणांनीही सरासरी फुगते. १९९८ मध्ये रिचर्ड रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी एकेक कण सुटा मोजला. ऊन न लागलेले कण वेगळे ओळखू आले आणि थर १० हजार वर्षांहून कमी वयाचा निघाला. चूक पकडली ती ल्युमिनेसन्सनेच, आणि कार्बन-१४ ने तिला दुजोरा दिला. हा अर्धा भाग मजकुरातून गाळलाय, याचं मला फार वाईट वाटतं.

‘फक्त कार्बन-१४ खरं.’ न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सच्या मानवी पाऊलखुणांचं वय २०२१ मध्ये पाणवनस्पतीच्या बियांवरून २१ ते २३ हजार वर्षं ठरलं. आक्षेप आला तो त्या कार्बनवरच: वनस्पतीने पाण्यातला जुना कार्बन घेतला असेल तर? २०२३ मध्ये जमिनीवरच्या झाडांचे परागकण कार्बनने आणि क्वार्ट्झ ल्युमिनेसन्सने तपासलं. ल्युमिनेसन्सने किमान वय सुमारे २१,५०० वर्षं दिलं. दोन्ही उत्तरं पहिल्याशी जुळली.

शिवाय कार्बन-१४ साधारण ५० हजार वर्षांपाशी थांबतो. तमिळनाडूतल्या अत्तिरंपक्कमचे मध्य पुराश्मयुगीन थर त्याच्या आवाक्यातच नाहीत. तिथे फेल्डस्पार या खनिजाच्या कणांवरून, ल्युमिनेसन्सनेच, २०१८ मध्ये वय जाहीर झालं ते ३ लाख ८५ हजार, अधिक-उणे ६४ हजार वर्षं. ही ६४ हजारांची मोकळीक संशोधकांनी स्वतःच आकड्याला लागून लिहिली आहे.