मेळघाटातील बालमृत्यूंचा दोष एकट्या भुमकावर टाकता येणार नाही

मेळघाटातील बालमृत्यूंची बातमी आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो: शासनाने दवाखाने बांधले, औषधे मोफत दिली, तरी कोरकू आदिवासी अंधश्रद्धेपायी भुमकाकडेच, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूकडेच, जातात, त्याच डोंगरातले बिगरआदिवासी मात्र दवाखान्यात येतात, म्हणजे दोष समाजाचाच. हा निष्कर्ष तपासाला टिकत नाही.

दवाखाने आहेत, हे खरे. परंतु डोंगराळ आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र हा निकष माणसे मोजतो, अंतर मोजत नाही. गुंतागुंतीच्या बाळंतपणासाठी मेळघाटातल्या धारणीहून अमरावतीला जायचे तर घाटरस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर पडतात, आणि रुग्णवाहिका बोलवायची तर आधी फोनला रेंज हवी.

बिगरआदिवासींशी केलेली तुलना मला सर्वांत अन्यायाची वाटते. बाजारपेठेच्या गावात राहणाऱ्या, परतवाड्यात नातेवाईक असलेल्या व्यापारी कुटुंबाला रस्ता, रोख पैसा आणि डॉक्टरची भाषा या तिन्ही गोष्टी आधीच मिळालेल्या असतात. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, तिचे मराठीशी नाते नाही. गावाबाहेर फारशी न पडलेली आई बाळाला कधीपासून काय होते आहे हे मराठी डॉक्टरला सांगू शकत नाही, आणि तिच्या गप्प राहण्याचा अर्थ अज्ञान असा लावला जातो.

भुमकाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची 'डंबा' ही प्रथा घातक आहे आणि ती थांबलीच पाहिजे. पण भुमका मध्यरात्रीही गावातच असतो आणि कोरकूत बोलतो; शिवाय अनेक घरे त्याच्याकडेही जातात आणि डॉक्टरकडेही.

'हे लोक बदलणार नाहीत' हा दावा तर अनुभवानेच खोडला आहे. मेळघाटातल्याच बैरागडला राहून डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी दवाखाना चालवला, तेथे कोरकू रुग्ण येत राहिले. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची काळजी घरापर्यंत नेली, तेव्हा नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

उरतो प्रश्न 'मूल दवाखान्यात ठेवायला सांगितले तरी घेऊन पळतात' या तक्रारीचा. घरी दुसरी लेकरे असतात आणि प्रत्येक दिवसाची मजुरी बुडते. आदिवासी भागांतले बालमृत्यू रोखण्यासाठीच्या नवसंजीवनी योजनेत 'बुडीत मजुरी' देण्याची तरतूद करून शासनाने ही अडचण स्वतःच मान्य केली आहे. त्याच अडचणीपायी परतलेल्या आईला हा मजकूर मात्र अंधश्रद्धाळू ठरवतो.