‘तीन महिने झोपवून ठेवा’ म्हणे!

मावशी पडली, खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर ऑपरेशनसाठी सही मागत होते आणि मावसभावाने मला एक फॉरवर्ड पाठवला: ‘सत्तरीनंतर खुब्याचं ऑपरेशन नको. भूल झेपत नाही. तीन महिने झोपवून ठेवा, हाड आपोआप जुळतं. ऑपरेशन केलेलेही वर्षभरात जातातच.’ खाली त्याचा प्रश्न, ‘थांबू या का?’

हे लिहिणाऱ्याने मोडक्या खुब्याच्या माणसाची कूस कधी बदलली आहे का? खाली बेडपॅन सरकवताना काय किंकाळी निघते, ऐकली आहे? असं पडून राहिलं की छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, माकडहाडावर बेडसोर होतात, पायात धरलेली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन अडकू शकते. तीन महिन्यांत यातलं काही ना काही गाठण्याची भीती मोठी. आणि ‘आपोआप जुळतं’? सांध्याच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या मांडीच्या हाडाच्या मानेवरून, म्हणजे गोळ्याखालच्या अरुंद भागावरून जातात. मान मोडून सरकली की त्या तुटतात, गोळा मरू शकतो. म्हणून उतारवयात बहुधा तो काढून कृत्रिम बसवतात. मानेच्या खाली मोडलेलं हाड जुळतं, हे कबूल. पण पाय आखूड आणि बाहेर वळलेला राहून. तिथे सळई किंवा स्क्रू घालतात तो दुसऱ्याच दिवशी उभं करता यावं म्हणून.

भूल कमरेतूनही देता येते, आणि वय पाहूनच देतात. पुढे.

‘जातातच’ म्हणणाऱ्यांनी २०२० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेली, खुब्याचं ऑपरेशन किती लवकर करावं हे तपासणारी ‘हिप अटॅक’ चाचणी पाहावी. १७ देश, २९७० रुग्ण, निम्मे तरी पंचाहत्तरीपुढचे. एका गटाचं ऑपरेशन निदानानंतर साधारण ६ तासांत, दुसऱ्याचं २४ तासांत. ९० दिवसांत मृत्यू ९ आणि १० टक्के, म्हणजे फरक नाहीच म्हणा. पण लवकर केलेल्यांमध्ये भ्रमिष्टपणा कमी आणि ते लवकर उभे राहिले. डॉक्टरांचा वाद ६ तास की २४ यावर चाललाय, आणि इथे तीन महिने!

वर्षभरात बरेच जण जातात, ही गोष्ट मात्र खरी. हृदय, मूत्रपिंडं आधीच थकलेली असतात. अगदी अंथरुणाला खिळलेल्या, आयुष्याच्या शेवटाला आलेल्या रुग्णाचं ऑपरेशन न करणंही योग्य ठरू शकतं. पण तेव्हा हाड जुळेल अशी आशा कुणी दाखवत नाही. दुखणं कमी ठेवून शेवटचे दिवस सुसह्य करायचे असतात. मावशी परवापर्यंत जिना चढत होती.

एवढं सगळं फोनवर सांगितल्यावर भाऊ म्हणाला, ‘पण त्यात लिहिलंय की...’ म्हटलं, आधी सही कर, मग भांड.