पाहुणे येतात, पण दळण कोण टाकतं?

जळगावात आमच्या गल्लीमागच्या अपार्टमेंटमधले काही फ्लॅट आता महिन्याच्या भाड्यानं मिळत नाहीत, रात्रीच्या भावानं जातात. अजिंठा इथून साठेक किलोमीटर. लेणी बघायला येणाऱ्यांना लॉजपेक्षा घर बरं वाटतं. मोबाईलवर बुकिंग, दाराला नंबरचं कुलूप, मालक पुण्यात. मालकाला तरी काय बोलणार? नऊ हजारांचा भाडेकरू ठेवण्यापेक्षा दीड हजारानं दहा रात्री गेल्या तरी पंधरा हजार सुटतात.

फक्त "पाहुणे आले की गल्लीत पैसा खेळतो" हे कोणी मला सांगू नये.

त्या बिल्डिंगखालीच दादाचं किराणा दुकान आहे. त्याच्या उधारीच्या वहीत एका नर्सताईंचं पान होतं: तेलाची पिशवी, तूरडाळ, साबण, पोराची बिस्किटं. पगार झाला की खातं चुकतं. त्यांचं दळण गिरणीत, युनिफॉर्म इस्त्रीवाल्याकडे, रोज अर्धा लिटर दूध कोपऱ्यावरून. फ्लॅट खाली करावा लागला, त्या पिंप्राळ्याकडे गेल्या. आता त्या घरातला पाहुणा दोन पाण्याच्या बाटल्या आणि चिप्स घेतो, स्कॅन करतो, निघून जातो. गिरणीवाल्याला तर तो कधी दिसतच नाही.

भरीत-पुरीवाल्याचं मात्र बरं चाललंय, हे कबूल. सोमवारी लेणी बंद असतात, तेव्हा तर शेवभाजीवरही उड्या पडतात. पण भांडीवाल्या मावशींचं बघा. आधी त्या घराचे महिन्याचे ठरलेले पैसे मिळायचे. आता पाहुणा गेला की फोन येतो, तेव्हा साफसफाई. फोन नाही तर पैसे नाहीत.

न्यूयॉर्कमध्ये यावर अभ्यास झालाय. अशा घरांमुळे आसपासच्या खाण्यापिण्याच्या हॉटेलांत नोकऱ्या वाढल्या, पण कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (मूळ स्पॅनिशभाषक देशांतल्या) लोकांच्या वस्त्यांना तो फायदा मिळाला नाही. घरं त्यांच्याकडेही भाड्यानं जात होती बरं का! पुढे सप्टेंबर 2023 पासून त्या शहरानं नियम कडक केले: 30 दिवसांपेक्षा कमी मुक्कामाला नोंदणी हवी, मालक त्याच घरात राहणारा हवा, पाहुणे जास्तीत जास्त दोन. बार्सिलोना तर पर्यटकांसाठीच्या 10,101 फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर 2028 पर्यंत संपवायला निघालंय. एवढं जालीम औषध जळगावला नको. आपल्याकडे अजून तेवढा ताप चढलेला नाही.

मालक त्याच घरात राहतो का, हा मुद्दा मात्र मला पटतो. सातपुड्यात डोंगरावरच्या तोरणमाळला एखाद्या कुटुंबानं आपल्याच घरात पाहुणा ठेवला, चुलीवरची भाकरी वाढली, तर पैसा त्या चुलीपाशी राहतो. बाहेरच्यानं खोल्या बांधून किराणासुद्धा शहाद्याहून आणला, तर तोच पैसा घाट उतरून जातो. सरकारची न्याहरी-निवास योजना आहेच. राहत्या घरमालकाला तिथं खुशाल सवलती द्या. रिकामा फ्लॅट रात्रीवर देणाऱ्याची मात्र महापालिकेनं नोंद ठेवावी आणि घरपट्टी दुकानासारखी लावावी. धंदा आहे ना भो, मग धंद्याची पट्टी भरा.

तोवर मालकांनी एक करावं. फ्लॅटमध्ये वायफायच्या पासवर्डचा कागद चिकटवता, त्याखाली जेवण मागवायच्या ॲपचं नाव असतं. तिथंच गल्लीतला किराणा, डबेवाल्या काकू, इस्त्रीवाला यांचेही नंबर लिहा. दादानं आपलं कार्ड मावशींच्या हाती वर पाठवलंय. मावशी म्हणतात, मालकाला फोटो पाठवून विचारलं, अजून उत्तर नाही.