‘झिजलेली गादी पुन्हा तयार होते’ : नाही, होत नाही

‘गुडघा बदलू नका! स्वतःच्याच रक्तातल्या स्टेम सेलचं एक इंजेक्शन, झिजलेली गादी पुन्हा तयार. धोका शून्य. सरकारमान्य.’ हा मेसेज या महिन्यात मला पाच जणांनी पाठवला. मी लालबागमध्ये फिजिओथेरपी करते. परवा एक काकू तोच मेसेज, एक्स-रे आणि एका क्लिनिकचं कोटेशन घेऊन आल्या. चाळीचे तीन जिने कठड्याला धरून, आडव्या होत, एकेक पायरी उतरून. मुलगा सोसायटीकडून कर्ज काढणार होता.

कोटेशनवर लिहिलं होतं पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा). म्हणजे दंडातून रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं आणि प्लेटलेट्सचा पिवळसर दाट भाग गुडघ्यात सोडायचा. याला स्टेम सेल म्हणणं ही सरळ फसवणूक आहे. स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी. गुडघ्यासाठी त्या घेतात बहुतेक वेळा हाडातल्या मगजातून, चरबीतून किंवा नाळेतून.

आता गादीचं. गादी म्हणजे हाडांच्या टोकांवरची कूर्चा. तिला रक्तपुरवठा नसतो, ती सांध्यातल्या द्रवावर जगते. म्हणून त्वचेसारखी ती भरून येत नाही. ऑस्ट्रेलियात 288 रुग्णांवर झालेली चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना पीआरपी, काहींना नुसतं सलाइन. वर्षभराने दुखण्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता, एमआरआयवर गादीतही नव्हता. सलाइनवाल्यांनाही बरं वाटलं होतं, हे लक्षात घ्या. ‘माझ्या आत्याला फरक पडला’ हे खरं असू शकतं, पण त्यावरून गादी वाढली असं ठरत नाही. खऱ्या स्टेम सेलचंही तेच: 2023 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत तीन प्रकारच्या पेशी साध्या स्टेरॉइड इंजेक्शनशी ताडून पाहिल्या, वर्षभराने एकही सरस ठरली नाही.  

‘सरकारमान्य’ हे अर्धसत्य, आणि मला सर्वात जास्त राग याचाच येतो. गुडघ्यासाठी दात्यांच्या हाडातल्या मगजातल्या स्टेम सेलपासून बनवलेल्या एका तयार औषधाला 2022 मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आहे. ती त्या औषधाला. कुठल्याही क्लिनिकने तिथल्या तिथे पेशी काढून टोचाव्यात, याला नव्हे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या आजारांसारखे मान्य उपचार सोडले, तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच द्यायच्या, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात.

धोका शून्य कुठल्याच सुईचा नसतो. 2018 मध्ये अमेरिकेत नाळेच्या रक्तातून बनवलेली इंजेक्शनं घेतलेल्या 12 जणांना जंतुसंसर्ग होऊन रुग्णालयात दाखल करावं लागलं.

काकूंना मधुमेह आहे, वजनही वाढलंय. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोने हलका होतो, हे त्यांना सांगितलं. मग उंच स्टुलावर बसवलं. हात छातीशी, सावकाश उठायचं, सावकाश बसायचं. चौथ्या वेळी मांडी थरथरली, सातव्याला थांबलो. क्लिनिकला विचारायला चिठ्ठी दिली: औषधाचं नाव काय, मान्यता क्रमांक काय, आणि हे सगळं लेटरहेडवर सहीनिशी द्याल का? मुलाने काल फोन केला. क्लिनिकवाले नाव आणि क्रमांक तोंडी सांगू म्हणाले, लिहून देणार नाहीत. कर्जाचा अर्ज त्याने अजून भरलेला नाही.