युनियनवाले गेटवर आलेत? टेन्शन घेऊ नका मालक

मालक, शिरोली एमआयडीसीत तुमची फाउंड्री जोरात चाललीय, ऑर्डरी पडून आहेत आणि मधीच युनियनवाल्यांनी गेटमीटिंग सुरू केली, "कामाच्या जागी हिंसा आणि छळ बंद करा" म्हणून पत्रकं वाटायलेत, वर आयएलओचा (म्हंजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा) 2019 चा 190 नंबरचा करार दाखवायलेत. भारतानं त्याला अजून मंजुरी दिलेली नाही, एवढं पाठ करा आणि येईल त्याच्या तोंडावर मारा. फक्त त्यात धमक्या, कामाला येता-जाताना होणारा त्रास, ट्रेनी पोरं असलं सगळं धरलंय, तेवढं पान कुणाला वाचू देऊ नका.

शिव्यांचं सोप्पंय. "आमच्या कोल्हापुरात शिवी म्हंजे माया" असं हसत सांगायचं. ही माया वरनं खालीच वाहते बरं का, हेल्परनं उलटी दाखवली की त्याच दिवशी गेटपास जमा.

राहिला 2013 चा पॉश कायदा, म्हंजे कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा. 10 माणसं झाली की अंतर्गत समिती, नाही केली तर 50 हजारांपर्यंत दंड. मग मस्टरवर 9 च दाखवा, कोअर शॉप खात्यातल्या बायका ठेकेदाराच्या कामगार म्हणायचं. (कायद्यात त्या पण येतात, आणि 10 च्या खाली असलं तरी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं, पण हे त्यांना कोण सांगणार, तुम्ही?) समिती करावीच लागली तर अध्यक्ष वरच्या पदावरची बाई पायजे, वहिनींना कागदोपत्री मॅनेजर करा की, खंडेनवमीला मशीनपूजेला येतातच, तेव्हाच वर्षाच्या सह्या उरकायच्या. तक्रारपेटीची किल्ली सुपरवायझरकडं द्या. निम्म्या चिठ्ठ्या त्याच्याबद्दलच असतात, फेरी वाचते बिचाऱ्याची.

तरी एखादी केबिनमध्ये आलीच तर नाही म्हणायचं नाही. "ताई बसा, चहा घ्या, आधी गणपती होऊ देत." मग दसरा, मग बोनस, मग ऑडिट. तक्रारीला मुदत 3 महिन्यांची असते, ती चहातच जाते. समितीला कारण पटलं तर आणखी 3 महिने वाढवता येतात, पण समिती म्हंजे आपल्या वहिनीच.

आणि युनियन निवेदन घेऊन आलीच तर स्वतः पुढं होऊन हसत घ्या, फोटो काढा, फेसबुकला टाका, "आमच्याकडं महिला सुरक्षित". फोटोत मागं सुपरवायझर उभा नाही ना, तेवढं बघा.