आधी काढायचे कसे, मग लावायचे काय

ज्याचे डोळे कोरडे असतात त्याच्याच डोळ्यांतून सतत पाणी वाहते, ही गोष्ट लोकांना पटवून देण्यात माझी बरीच शक्ती खर्ची पडली आहे. चारचौघांत बसलेले असताना माझ्या डोळ्यांना अकारण धार लागली की शेजारची सहृदय माणसे हातावर हात ठेवतात, आवाज खाली आणून ‘काही झालंय का?’ असे विचारतात, आणि ‘काही नाही हो, माझे डोळे कोरडे आहेत’ असे मी सांगितले की त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी माझ्या डोळ्यांवरून डोक्याकडे सरकते. वस्तुस्थिती मात्र तीच असते. बुबुळावर अश्रूंचा जो पातळ थर टिकून राहायला हवा तो टिकत नाही, खालचा पृष्ठभाग उघडा पडून चुरचुरू लागतो आणि त्या चुरचुरीला उत्तर म्हणून अश्रुग्रंथी एकदम पाण्याचा लोंढा सोडते. हे पाणी डोळ्यात ठरत नाही, थेट गालावर उतरते. उतरताना ते रिकाम्या हाताने उतरत नाही. मी मोठ्या हौसेने डोळ्यांना जे जे लावलेले असते ते सगळे सोबत घेऊन येते.

अश्रू म्हणजे नुसते खारट पाणी, अशी माझीही समजूत होती. प्रत्यक्षात त्या थरात पाण्याखेरीज ते पृष्ठभागाला धरून ठेवणारा एक चिकट पदार्थ असतो आणि ते उडून जाऊ नये म्हणून सर्वांत वर तेलाचे अतिशय पातळ आवरण असते. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येते. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने 1666 साली त्यांचे वर्णन केले म्हणून त्यांना त्याचे नाव मिळाले. वरच्या पापणीत साधारण 25 ते 40 आणि खालच्या पापणीत 20 ते 30 अशा या ग्रंथी असतात, आणि त्यांची बारीक तोंडे पापणीच्या केसांच्या लगेच मागे, आतल्या ओलसर कडेवर उघडतात. म्हणजे बरोबर त्याच जागी, जिथे काजळाची पेन्सिल फिरवल्यावर डोळे टपोरे दिसतात. सृष्टिकर्त्याला सौंदर्यदृष्टी आहे याविषयी मला शंका नाही. नळाची तोंडे आणि शोभेची जागा यांची आखणी करताना मात्र त्याने एखाद्या बाईचा सल्ला घ्यायला हरकत नव्हती.

माझ्या दुखण्याचे निदान एका कागदाच्या पट्टीने झाले. ऑटो शर्मर या नेत्रतज्ज्ञाने 1903 साली सांगितलेली ही चाचणी अजूनही तशीच चालते. शोषक कागदाची अरुंद पट्टी टोकाशी दुमडून खालच्या पापणीत अडकवतात आणि पाच मिनिटांत ती किती भिजते ते मोजतात. दोन्ही डोळ्यांतून कागद लोंबत असताना माणसाने चेहऱ्यावर कोणता भाव ठेवावा हे मात्र कोणी सांगत नाही. पट्टी पाच मिलिमीटरसुद्धा भिजली नाही तर डोळे चांगलेच कोरडे समजतात. मी काठावरही उत्तीर्ण झाले नाही. एरवी न विचारता गालावर येणाऱ्या अश्रूंनी ऐन परीक्षेच्या वेळी पाठ फिरवली. डॉक्टरांनी थेंब लिहून दिले, गरम पाण्याच्या घडीने शेकायला सांगितले आणि निघताना म्हणाले, ‘डोळ्यांचा मेकअप शक्यतो टाळा.’ त्या ‘शक्यतो’च्या आधारावर मी आजवर तग धरून आहे.

त्यानंतर सुरू झाले लेबलांचे वाचन. पापण्यांचे केस काळे, दाट दाखवणाऱ्या मस्काऱ्याच्या नळीवर घटकद्रव्यांची यादी ज्या आकाराच्या अक्षरांत छापतात ती वाचण्यासाठी डोळे ताणून एकटक पाहावे लागते. एरवी माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो, पण असे टक लावून वाचताना तो पापण्या मिटणे जवळजवळ विसरतो आणि डोळे अधिकच कोरडे पडतात. कोरड्या डोळ्यांना काय चालेल हे शोधण्याच्या नादात डोळे कोरडे करून घेण्याची सोय अशी वेष्टनावरच केलेली असते. दोन नळ्यांची तुलना होईपर्यंत मला थेंब घालावे लागतात, आणि थेंबांनी नजर धूसर झाली की तिसरी नळी वाचता येत नाही.

यादीत शोधायचे काय, हे आता मला पाठ आहे. बेन्झाल्कोनियम क्लोराइड दिसले की नळी खाली ठेवायची, कारण जंतू मारता मारता ते डोळ्यांच्या पृष्ठभागावरच्या पेशींनाही सोडत नाही. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे. (डोळ्यांच्या कित्येक थेंबांतही हेच परिरक्षक, म्हणजे माल खराब होऊ न देणारे द्रव्य, असते, त्यामुळे ती बाटलीसुद्धा तपासावी लागते.) फॉर्मल्डिहाइड सहसा उघड्या तोंडाने यादीत येत नाही, तो डीएमडीएम हायडॅन्टॉइन, क्वाटर्नियम-15 किंवा इमिडॅझोलिडिनिल युरिया यांच्या पदराआड राहून तिथून थोडा थोडा बाहेर झिरपतो. बरे, परिरक्षकच नको म्हणावे तर मस्काऱ्याची नळी ही ओलसर, अंधारी आणि पापणीला लागून आलेला कुंचला दर वेळी आत ओढून घेणारी जागा. जंतूंना याहून चांगले घर कुठे मिळणार? म्हणून मवाळ परिरक्षक असलेली नळी घ्यावी, तिच्यावर उघडल्याची तारीख लिहावी आणि तीन महिन्यांनी ती टाकून द्यावी, हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. आता ज्या बाईला केसांच्या फक्त टोकांना, तेही क्वचितच, मस्कारा लावायची परवानगी आहे, तिच्याकडून तीन महिन्यांत अख्खी नळी संपणार कशी, हे नळीचा आकार ठरवणाऱ्यांनी एकदा समजावून सांगावे. मी हल्ली नमुन्यादाखल मिळणाऱ्या छोट्या नळ्यांवर डोळा ठेवून असते.

वेष्टनाच्या दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत जे छापलेले असते त्याच्यावर फार भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. ‘हायपोअलर्जेनिक’ या शब्दाचीच गोष्ट पाहा. हा शब्द छापायचा असेल तर इतर उत्पादनांपेक्षा त्रास कमी होतो हे माणसांवर चाचण्या करून दाखवा, असा नियम अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1975 साली केला. सौंदर्यप्रसाधनांच्या दोन कंपन्या न्यायालयात गेल्या आणि 1977 साली अपील न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. तेव्हापासून तिथे या शब्दाचा अर्थ ज्या त्या कंपनीच्या मनात असेल तो. ‘नैसर्गिक’ या शब्दाची प्रतिष्ठा त्याहून मोठी; पण काही पारंपरिक सुरम्यांत सापडणारे शिशाचे खनिजही नैसर्गिकच असते, आणि पापण्या स्वच्छ करणारे म्हणून ज्याची कीर्ती आहे त्या टी ट्री तेलातला मुख्य घटक मायबोमियन ग्रंथींच्या पेशींना मारक ठरतो, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. ‘एवढं काय बाई घाबरायचं, थोडंसं लावल्याने काय होतं?’ असे म्हणणाऱ्यांना मी 1933 सालचे ‘लॅश ल्युअर’ ऐकवते. पापण्यांचे केस काळे करणाऱ्या या अमेरिकी रंगात पॅराफेनिलीनडायअमीन होते. त्याने काही बायकांचे डोळे गेले आणि एकीचा जीव गेला. 1938 मध्ये तिथे सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कक्षेत आली त्यामागे हे प्रकरणही होते. हे ऐकल्यावर समोरची व्यक्ती विषय बदलते, हा त्याचा आणखी एक उपयोग.

लावण्याचे हे एवढे झाले. खरी परीक्षा असते ती काढण्याची, आणि माझी सगळी तक्रार तिथे आहे. भाडेकरू ठेवताना तो घर कसा सजवेल यापेक्षा तो घर सोडेल कसा, हे आधी पाहावे. डोळ्यांच्या मेकअपचेही तसेच आहे. दुकानात मात्र प्रत्येक वस्तूचे मोल ती किती तास हटत नाही यावर ठरते. ‘मॅडम, हा वॉटरप्रूफ आहे, कितीही रडलात तरी जाणार नाही,’ असे विक्रेती अभिमानाने सांगते. सतत पाणी वाहणाऱ्या माणसाला याहून मोठे आमिष कोणते? अडचण अशी की जो पाण्याने जात नाही तो तेलानेच जातो. तेलकट रिमूव्हर पापणीवर दाबला की त्यातला अंश कडेवरून आत झिरपतो, समोरचा दिवा वलयांकित दिसू लागतो आणि डोळ्यातल्या मूळच्या नाजूक तेलाच्या थरात हे परके तेल मिसळून अश्रूंचा थर आणखी लवकर फाटतो. लेबल डोळ्यांत तेल घालून वाचायचे आणि रात्री खरोखरच तेल घालायचे, अशी ही साधना आहे.

तेल नको म्हणून मायसेलर वॉटरकडे वळावे, तर ते दिसते पाण्यासारखे, पण त्याचे काम चालते पृष्ठसक्रिय द्रव्यांवर, म्हणजे साबणाच्या सभ्य नातेवाइकांवर. त्यांचे सूक्ष्म गोळे मळ आणि तेल ओढून घेतात. हे तेल मस्काऱ्यातले आणि हे डोळ्याचे, असा भेद ते करत नाहीत. बाटलीवर ‘धुण्याची गरज नाही’ असे लिहिलेले असले तरी कोरड्या डोळ्यांच्या माणसाने नंतर पापण्या कोमट पाण्याने धुतलेल्या बऱ्या. एके काळी बेबी शाम्पू पाण्यात मिसळून पापण्या पुसण्याचा सल्ला सर्रास दिला जाई, आणि बाळाला चालते ते मला का चालू नये, हा युक्तिवाद मलाही बिनतोड वाटे. पण अश्रूंना धरून ठेवणाऱ्या त्या चिकट पदार्थावर त्याचा विपरीत परिणाम होतो असे अलीकडे आढळल्याने तोही आधार गेला. राहिले ते ओले टिश्यू. ते घासावे लागतात, आणि घासणे तर सर्वथा वर्ज्य. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशा अवस्थेत मी आरशासमोर एका हातात तेलाची आणि एका हातात पाण्याची बाटली घेऊन बराच वेळ उभी असते.

या कोंडीतून मला ज्याने सोडवले तो ट्यूबिंग मस्कारा. मेण आणि तेल यांच्याऐवजी त्यात पॉलिमर असते. ते प्रत्येक केसाभोवती वाळून त्याची बारीक नळी बनते, आणि कोमट पाण्याने भिजवून हलकेच ओढले की ती नळी जशीच्या तशी सरकून निघते. तेल नाही, घासणे नाही. फक्त पहिल्यांदा वापरणाऱ्याने मन घट्ट करावे. बोटांवर काळे, बारीक, टोकाशी निमुळते झालेले धागे येतात, काही बेसिनला चिकटतात, आणि आपले पापण्यांचे केस मुळासकट हाती आले अशी पक्की खात्री पटते. मी आरशात पाहण्याचे धैर्य गोळा करून एक डोळा उघडला तेव्हा केस जागच्या जागी होते. त्या क्षणी मला जे वाटले त्याला कृतज्ञता हाच शब्द योग्य.

बाकी वस्तूंचा निकाल त्या मानाने लवकर लागला. आयलायनर केसांच्या बाहेर, त्वचेवर. आतल्या कडेवर नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आतल्या कडेवर लावलेल्या पेन्सिलचे कण पाच मिनिटांतच अश्रूंत जाऊन पोहोचलेले दिसले होते. पेन्सिल दर वेळी तासून घ्यायची. भुकटीच्या आयशॅडोऐवजी मलमासारखी, कारण भुकटी गालावर सांडते तशी डोळ्यातही सांडते. चमकी कोणत्याही स्वरूपात नको. तिचा कण वरच्या पापणीखाली गेला तर प्रत्येक उघडझापीला तो बुबुळ खरवडतो, आणि हा अनुभव मी वैऱ्यालाही सुचवणार नाही. कृत्रिम पापण्यांचा गोंद बाद. पापण्यांचे केस लांब करणाऱ्या काही सीरममध्ये काचबिंदूच्या औषधांचे जवळचे भाईबंद असतात, म्हणून तीही बाद. नवी वस्तू एका वेळी एकच आणायची, म्हणजे डोळे लाल झाले तर आरोपी शोधायला ओळखपरेड घ्यावी लागत नाही.

राहिला काढण्याचा विधी. कापसाचे तंतू सुटतात म्हणून घट्ट विणीची चकती घ्यायची, तेलविरहित, सुगंधविरहित रिमूव्हरने ओली करायची, मिटलेल्या पापणीवर अलगद ठेवायची आणि मनातल्या मनात तीस अंक मोजायचे. मग चकती केसांच्या दिशेने खाली ओढायची, आडवी नाही. चकती बदलायची, पुन्हा तेच. नंतर कोमट पाणी, नंतर शेक, नंतर परिरक्षक नसलेले थेंब. एवढे सगळे होईपर्यंत घरातली माणसे ‘अजून किती वेळ?’ असे विचारून झोपी गेलेली असतात. लावण्याआधीही थेंब घालून पंधरा मिनिटे थांबावे लागतेच, नाहीतर सगळे वाहून जाते. त्यामुळे कुठे निघायचे असले की मी तयार होऊन, पर्स काबीज करून, छताकडे पाहत खुर्चीत बसलेली असते आणि मला उशीर का होतो याची चर्चा दाराशी चालू असते.

आपला मस्कारा दुसऱ्या कोणालाही वापरायला द्यायचा नाही, हा एकच नियम मी मनापासून पाळते. परवा धाकटी बहीण घाईघाईने आत आली आणि म्हणाली, ‘ताई, तुझा मस्कारा दे ना जरा.’ मी तिला समोर बसवून जंतूंपासून सुरुवात केली, मग परिरक्षकांकडे आले, तिथून पॉलिमरच्या नळ्यांवर आणि रिमूव्हरमधल्या पृष्ठसक्रिय द्रव्यांवर पोहोचले, आणि चकती कोणत्या दिशेने ओढावी हे हाताने दाखवत होते, तेवढ्यात बाहेरून वहिनीचा आवाज आला, ‘अगं, ती माझा लावून केव्हाच गेली!’